अंगणवाडी की प्रायव्हेट नर्सरी?

डिचोलीची माझी चुलत बहीण तीन वर्षांच्या लेकीला कुठे घालू म्हणून अडलीय. तिला मी सांगितलं ते असं: खर्च बघितला तर अंगणवाडीत फी नाही, वर खाऊ मिळतो, वजन बघतात, लसीची आठवण करतात. नर्सरीत फी, युनिफॉर्म, व्हॅन सगळं वेगळं. शिकण्याचं म्हणशील तर 2020 चं शैक्षणिक धोरण 3 ते 8 वय खेळातून शिकायचं म्हणतं, पण काही नर्सऱ्या आल्याआल्या एबीसीडी गिरवायला लावतात, ते मला अजिबात पटत नाही, एवढ्याशा बोटांत ताकद कुठे असते गं, त्यापेक्षा माती, मणी, घरच्या कोंकणी-मराठीतली गाणी बरी. वेळेत मात्र अंगणवाडी कमी पडते, लवकर सुटते. घरी आजी असेल तर अंगणवाडीच, तुम्ही नवराबायको दोघंही पणजीला नोकरीला असाल तर दिवसभर सांभाळणारी नर्सरी, पण आधी तासभर तिथे बसून बघ.