गाडी तापली म्हणून लगेच हेड उतरवू देऊ नका

मृगबहाराची संत्री भरून वरूडहून नागपूरला निघालेली पिकअप वाटेत तापली. रस्त्यालगतच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि सांगून टाकलं, "हेड गेलं भाऊ, खोला लागते." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. माल नासेल या धास्तीनं मालक हो म्हणाला. फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट (हेडखालची सील), नवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), मजुरी मिळून बिल 18,000 रुपये. पुढे सकाळी तापमानाचा काटा वर येईना, डिझेल जास्त जाऊ लागलं आणि मे महिन्यात चढावर गाडी पुन्हा तापली. दुसऱ्या गॅरेजात हाउसिंग (थर्मोस्टॅटचं कवच) उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. जुना काढून फेकला होता, नव्याचे पैसे घेतले होते.

हेड गॅस्केट जातं तेव्हा खुणा दिसतात. गार इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून चालू केलं की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, ऑइल दुधाळ होतं, गळती नसताना पाणी कमी होतं. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका.

आधी थर्मोस्टॅट पाहा, त्यासाठी पाइप तपासा. गार इंजिन चालू करा, पंख्यापासून हात लांब ठेवा. चांगल्या थर्मोस्टॅटमध्ये रेडिएटरचा वरचा पाइप आधी गार राहतो, काटा मध्यावर आला की झटकन गरम होतो. काटा लाल पट्टीकडे गेला तरी पाइप गारच असेल, तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय. पाइप पहिल्यापासून हळूहळू कोमट होत असेल, तर तो उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असतो, तिथे तोच पाइप पाहायचा. मात्र पाणी कमी असणं, हवा अडकणं किंवा वॉटर पंप बिघडणं यानंही पाइप गार राहतो. म्हणून शेवटचा निकाल गरम पाण्यातच लागतो.

थर्मोस्टॅट काढून दोऱ्यानं भांड्यातल्या पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. थर्मामीटर तिथे पोचला की व्हॉल्व्ह हलला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत बऱ्यापैकी उघडला पाहिजे. हलला नाही तर बदला. ही परीक्षा मालकासमोर करायला जो मिस्त्री टाळाटाळ करतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

"आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट नकोच" हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. अनेक इंजिनांत त्याची खालची चकती बायपास (रेडिएटरला वगळणारी वाट) बंद करते. ती नसली की बरंचसं पाणी रेडिएटरला वगळून फिरतं आणि ओझ्याखाली गाडी उलट जास्त तापते. बीएस-6 डिझेल गाडीत इंजिन थंड राहिलं तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) सफाईही पुरी होत नाही.

नवा बसवताना ओ-रिंग (रबरी सील) नवी घ्या, आकडा कंपनीनं दिलेलाच ठेवा, छोटी हलती पिन असेल तर ती वर येऊ द्या. बोअरचं पाणी ओतू नका, त्यातल्या क्षारांनी व्हॉल्व्ह पुन्हा जाम होतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरून, हीटर पूर्ण उघडून हवा काढा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

प्रत्येक भागाचं नाव लिहिलेलं पक्कं बिल आणि काढलेला जुना भाग, दोन्ही पैसे देण्याआधी मागा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. तिथे हेच बिल आणि हाच भाग पुरावा म्हणून दाखवता येतो.