शिलाईचा खांदा आणि सॉफ्ट टिश्यू मसाज: दिवाळीपासून कानबाईपर्यंतचा अनुभव

अमळनेरात माझं शिलाईचं काम आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीबाळी आणि पाठोपाठ लगीनसराई, त्यामुळे चैत्र-वैशाखात मशीन रात्री उशिरापर्यंत चालू असतं. गेल्या दिवाळीच्या गर्दीनंतर उजवा खांदा धरला तो सुटेचना. कात्री हातात घेतली की खांद्याच्या पुढच्या बाजूने दंडापर्यंत कळ उतरायची आणि संध्याकाळी डोकं मागून जड व्हायचं. एक्स-रे साफ होता. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटायचं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली आणि तिथे या सॉफ्ट टिश्यू मसाजशी, म्हणजे स्नायू आणि त्यांच्या आवरणांवर हाताने दाब देऊन करायच्या उपचाराशी, गाठ पडली. तेव्हापासून जात आहे, आता श्रावणातले कानबाईचे रोट (आमच्या खानदेशातला देवीचा सण) होऊन गेले.

घरच्या तेल-मालिशीपेक्षा हा प्रकार बराच वेगळा. पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी मान सगळीकडे वळवायला लावली, पंजाची ताकद बघितली, बोटांना बधिरपणा आहे का ते विचारलं, हातोडीने कोपरावर ठोकून पाहिलं. नस दबलेली नाही याची खात्री झाल्यावरच हात लावला. जिथे ही तपासणी न करता थेट पालथं झोपवतात तिथे मान कुणाच्या हाती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात लांब, हलक्या हातांनी होते, मग स्नायू चिमटीत धरून मळतात. ही मसाजची जुनी मुळाक्षरं. एकोणिसाव्या शतकात योहान मेत्झगर नावाच्या डच डॉक्टरांनी या हातांची वर्गवारी लावली, असं मानतात. खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. मॅडमनी पाठीमागे, फऱ्यावर (खांद्यामागच्या चपट्या हाडावर) एका ठिकाणी अंगठा ठेवला आणि कळ उठली ती खांद्याच्या पुढे, नेमकी रोजची! मी चकितच झाले. दुखतं पुढे आणि गाठ मागे. त्या स्नायूचं नाव इन्फ्रास्पायनेटस, आणि तो कळ पुढेच पाठवतो. कोणत्या स्नायूची कळ कुठे उमटते याचे नकाशे डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सिमन्स यांच्यासोबत तयार केले, त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ साली आला. ट्रॅव्हेलबाई अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर होत्या. ही गाठ म्हणजे आत नेमकं काय असतं यावर संशोधकांचं आजही एकमत नाही. पण बोटाखाली ताणलेली दोरी लागते आणि दाबल्यावर ओळखीची कळ येते, एवढं मी स्वतःच्या अंगावर अनुभवलं आहे.

त्या जागी दाब देऊन अर्धा-एक मिनिट तसाच धरतात. मॅडम विचारतात, ‘दहापैकी किती?’ सहा-सातच्या वर गेलं की हात हलका करतात. धरून ठेवल्यावर सातचं चार होतं, चारचं दोन. मग विचारतात, ‘आते कसं वाटस?’ मानेच्या कडेच्या स्नायूला वेगळी पद्धत: मी त्यांच्या हातावर डोकं पाच-सात सेकंद हलकंच ढकलायचं, सोडायचं, की मान थोडी जास्त वळते. मला सगळ्यात जास्त गुण याचाच आला. मागे पाहायला आता अख्खं अंग फिरवावं लागत नाही.

दुसऱ्या एका ठिकाणीही मी जाऊन आले होते. तिथे कोपराने रगडलं, दोन दिवस पाठ काळीनिळी होती आणि वर ‘विष बाहेर पडतंय’ असं सांगितलं. हे सपशेल खोटं आहे. जास्त दुखलं म्हणजे जास्त गुण, असं मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामानंतरसारखं थोडं अंग दुखणं ठीक, काळे डाग पडणं ठीक नाही. तसंच ‘मसाजने लॅक्टिक आम्ल निघून जातं’ हेही ऐकायला मिळतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या चमूने २०१२ साली ११ तरुणांना दमवून एका पायाला दहा मिनिटं मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे तुकडे तपासले. दाहाचे संकेत मसाज दिलेल्या पायात कमी होते, लॅक्टेटमध्ये, म्हणजे त्याच लॅक्टिक आम्लाच्या प्रमाणात, मात्र फरक नव्हता. अकराच माणसं, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये.

मग आराम पडतो कशाने? मॅडमचं म्हणणं, मुख्य काम नसांच्या पातळीवर होतं. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की दुखण्याच्या संदेशांची वाट अडते. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेली ‘गेट’ची कल्पना ती हीच. मेंदू स्नायूवरची पकड सैल करतो. स्नायूवरचं जाड आवरण हाताच्या जोराने कायमचं लांबत नाही, म्हणून परिणामही टिकाऊ नसतो.

माझंही तसंच झालं. सुरुवातीला आराम दुसऱ्या दिवसापर्यंत टिकायचा. फरक पडला तो त्या आरामाच्या वेळात काय केलं त्याने. कळ कमी असताना रबरी पट्टा ओढायचे आणि फरे मागे जुळवायचे व्यायाम जमतात, एरवी हात उचलवतच नाही. त्यासोबत कटिंग जमिनीवरून उचलून उंच टेबलावर आणलं, स्टूल उंच केलं. हळूहळू आराम आठवडाभर टिकू लागला. नुसता मसाज घेऊन पुन्हा वाकून बसणाऱ्या बायका मला तिथेच भेटतात, त्यांचं दुखणं आहे तिथेच आहे.

आखाजीच्या आधी कळ परत आली, पण दंडात उतरली नाही. डोकं जड होणं जवळपास थांबलं. खांद्यातला कटकट आवाज तसाच आहे. त्याने दुखत नाही, म्हणून सोडून दिला.

सासूबाईंना मात्र मी नेलं नाही. त्यांची पोटरी एका बाजूने सुजलेली, गरम होती. अशा वेळी आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. आधी डॉक्टर. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजं हाड मोडलेलं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाने पाय बधिर झालेले, यातलं काहीही असेल तर टेबलावर झोपण्याआधी सांगायचं. हातातली ताकद कमी होत असेल तर मसाजच्या नादी लागूच नये.

खर्च म्हणाल तर एका वेळची फी अस्तराच्या एका ब्लाउजच्या शिलाईएवढी. सुरुवातीला आठवड्याला जायचे, आता महिन्यातून एखाद्या वेळी. बायकांनी महिला थेरपिस्ट कोणत्या वेळेला असतात ते आधी फोनवर विचारून घ्यावं आणि मागून उघडणारं सैल काहीतरी घालून जावं. उन्हाळ्यात सकाळची वेळ मागावी, कारण दुपारी पंचेचाळीस अंशांत घामाने हात घसरतो आणि दाब नीट बसत नाही.