ट्रॅक्टरचा रेडिएटर फुटला: घरी झाळायचा की दुकानात न्यायचा?

रेडिएटर गळायला लागला की मनात आधी खर्च येतो. पण तो कशाचा आहे आणि नेमका कुठून गळतोय, हे आधी बघा. निर्णय बहुतेक तिथेच होतो.

मुळात गळतोय तो रेडिएटरच ना? पाण्याच्या पंपाच्या खालच्या भोकातून येणारं पाणी पंखा रेडिएटरच्या जाळीवर उडवतो आणि जाळी फुटली असं वाटतं. होजची ढिली क्लिप, खालचा नळ, झाकणाचं कडक झालेलं रबर ही घरचीच कामं आहेत. फक्त इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

जुन्या ट्रॅक्टरचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात आणि ते झाळता येतात. रेडिएटरच्या टाकीच्या कडेला किंवा बाहेरच्या नळीला एखादं भोक असेल आणि झाळकामाचा हात बसलेला असेल, तर घरी जरूर करा. धातू चकचकीत होईपर्यंत घासा, मगच फ्लक्स (सोल्डर धातूला धरावा म्हणून लावायची पेस्ट) आणि सोल्डर लावा. कथिल-शिशाचा सोल्डर साधारण 190 अंशांना वितळतो, म्हणजे ज्योत जरा जास्त वेळ राहिली की शेजारचा चांगला सांधाही सुटतो. एक भोक बुजवताना दोन नवी होतात ती इथेच. गळती जाळीच्या मधोमध असेल तर घरचा नाद सोडा.

ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचं गणित वेगळं. त्यावर कायम ऑक्साइडचा थर असतो, साधा सोल्डर धरतच नाही. टाक्या बहुधा प्लास्टिकच्या, रबरी गॅस्केट घालून कडा दुमडून बसवलेल्या. घरी फार तर दोन भागांची इपॉक्सी (मिसळून लावायचा गोंद) लावता येते. पेरणी अर्ध्यावर असताना ती कामाला येते, पण तापणं, निवणं आणि आतला दाब यांपुढे तिचा भरवसा धरू नका.

गळती बुजवणारी पावडर मात्र मी टाकणार नाही. ती भोक बुजवते तशी बारीक नळ्याही बुजवू शकते. मग पाणी गळत नाही, पण ट्रॅक्टर तापतो, आणि ते जास्त महागात जातं.

दुकानाचं खरं मोल झाळण्यात नाही, तपासणीत आहे. तोंडं बंद करून, आत हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतात. जिथून बुडबुडे, तिथे गळती. डोळ्यांना न दिसणारी दुसरी, तिसरी जागाही सापडते. तांब्या-पितळेचा असेल तर टाकी सोडवून नळ्यांतला क्षारांचा थर सळईने काढतात. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलेल्या रेडिएटरला झाळण्यापेक्षा याचीच गरज जास्त असते, आणि हे घरी नीट जमत नाही. दुरुस्तीनंतरही बुडवून दाखवायला सांगा. कारागीर टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघा.

मला पटलेला मार्ग मधला आहे: रेडिएटर स्वतः काढायचा आणि तेवढाच दुकानात न्यायचा. मजुरी वाचते, ट्रॅक्टर दुकानात अडकत नाही. कूलंट मात्र भांड्यात धरा, जमिनीवर सोडू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, जनावर चाटू शकतं.

रेडिएटर बाहेर आहे तोवर त्याखालची रबरं बघून घ्या आणि पंपाच्या दांड्यावरचा पंखा धरून हलवा. रबरं झिजली असतील किंवा पंपाच्या बेअरिंगला खेळ असेल, तर नवा झाळलेला सांधाही धक्क्यांनी पुन्हा उकलेल.