पत्र्याखाली दिसलेला टीव्ही

आमच्या हिने तेव्हाच विचारलं होतं, "अहो, वर तर पत्रा आहे. मग हे चित्र येतंय कुठून?"

मी तिला कोपराने ढोसलं. समोरचा माणूस एवढं मन लावून समजावतोय आणि आपण काय भलते प्रश्न विचारायचे! तो मात्र हसला. म्हणाला, "ताई, नवीन टेक्नॉलॉजी आहे ही." एवढ्या एका वाक्यावर मी पैसे मोजले. कॅम्परमध्ये, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीत, सॅटेलाइट टीव्ही बसवायच्या विचारात कुणी असेल तर पुढचं वाचा. मूर्खपणा माझा आहे, तो लपवत नाही.

आम्ही वर्षातले काही महिने कॅम्परमध्येच काढतो. दिवसा फिरणं, संध्याकाळी एखाद्या शांत जागी गाडी लावणं. अशा जागांची गंमत अशी की जिथे मुक्काम करावासा वाटतो तिथे मोबाइलला रेंज नसते. म्हणजे इंटरनेटवरून बघणं बाद. मला रात्रीच्या बातम्या आणि अधूनमधून एखादी मॅच लागते, हिला तिच्या मालिका. त्यामुळे उपग्रहावरून थेट टीव्ही घ्यायचा हे ठरलं, आणि खर्च आटोक्यात ठेवायचा हेही.

बाजारात यासाठी ढोबळमानाने तीन गोष्टी मिळतात. गाडी थांबवून हाताने उभी करायची डिश, ही सगळ्यात स्वस्त. टपावर बसवलेली आणि गाडी थांबल्यावर बटण दाबलं की आपोआप उपग्रह शोधणारी, ही महाग. आणि गाडी चालू असतानाही उपग्रहावरची नजर न हटवणारी, ही सगळ्यात महाग. या तिसऱ्या प्रकाराची किंमत उगाच जास्त नसते. गाडी वळते, उसळते, चढते, आणि आतल्या मोटरींना डिश क्षणाक्षणाला सावरून त्याच एका बिंदूवर रोखून धरावी लागते. मला हे ऐकून माहीत होतं. तरीही हाच तिसरा प्रकार कुणी एक तृतीयांश किमतीत देतोय म्हटल्यावर शंका यायच्या ऐवजी मला आपण किती हुशार, असं वाटलं.

विकणाऱ्याने त्याचं कारणही तयार ठेवलं होतं. "कंपनीचा डेमो पीस आहे साहेब, दोनच उरलेत." वर आणखी एक आमिष: सोबतच्या सेट-टॉप बॉक्सवर सगळे पैशांचे चॅनेल आयुष्यभर फुकट. महिन्याची कटकटच नाही.

डेमो त्याने त्याच्या शेडमध्ये दाखवला. आत एक गाडी उभी, तिच्या टपावर पांढरा डोम, म्हणजे डिशवरचं घुमटासारखं झाकण. त्याने बटण दाबलं, डोममधून घर्रर आवाज आला, दीड-दोन मिनिटांनी आवाज थांबला आणि टीव्हीवर लख्ख चित्र. मग तो गाडीत बसला आणि शेडमधल्या शेडमध्ये गाडी चार हात पुढे, चार हात मागे केली. चित्र हललं नाही. मी खूश.

मध्येच एकदा चित्र थांबलं, पडद्याच्या मधोमध एक छोटं वर्तुळ गरगरलं आणि पुन्हा सगळं सुरळीत झालं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या वर्तुळाचा अर्थ कळायला मला पुढे दोन महिने लागले.

पैसे त्याने दोन भागांत घेतले, थोडे एका खात्यावर आणि उरलेले रोख. खातं दुकानाच्या नावाचं नव्हतं. बिलावर लिहिलं होतं "डिजिटल अँटेना सेट, १ नग", आणि खाली बारीक अक्षरांत की वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. चालत्या गाडीत चालतो, असं बिलात एका अक्षराने म्हटलेलं नव्हतं. बिल मी घरी येऊन वाचलं. आधी वाचायचं असतं हे मला माहीत नव्हतं, असं नाही.

पहिल्या मुक्कामावर बटण दाबलं. घर्रर आवाज झाला, थांबला, पडद्यावर "सिग्नल नाही". फोन केला तर म्हणे झाडं असतील. झाडं होती, खरंच होती. दुसऱ्या दिवशी उघड्या माळावर लावली गाडी. तेच. आता ढगांचा दोष. तिसऱ्या वेळी आभाळ निरभ्र, तेव्हा सॉफ्टवेअर अपडेट. या माणसाची खुबी अशी की त्याची प्रत्येक सबब अर्धी खरी असायची. ओल्या पानांतून हा सिग्नल जात नाही हे खरं. जोराच्या पावसात चित्र तुटतं हेही खरं. त्यामुळे दर वेळी मला वाटायचं, चूक आपलीच. पंधरा-वीस दिवसांनी फोन लागेनासा झाला. परतीच्या वाटेवर शेड गाठली तर कुलूप, आणि बाहेर भाड्याने देणे असल्याची पाटी.

एका मुक्कामावर शेजारी एक काका उतरले होते. आयुष्यभर डिश बसवण्याचं काम केलेला माणूस. माझी रडकथा ऐकून ते मीटर घेऊन आले. बॉक्समधून केबलमध्ये १३ किंवा १८ व्होल्ट जायला हवेत. त्यावरून डिशसमोरच्या एलएनबीला, म्हणजे लहरी पकडणाऱ्या डबीला, कळतं की उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या. ते व्होल्ट बरोबर येत होते. म्हणजे बॉक्स ठीक, घोटाळा वर. आम्ही टपावर चढलो आणि डोमचे चार स्क्रू काढले.

आत एक ताटलीएवढी डिश होती. तिच्याखाली एक मोटर. मोटरीला दोनच वायरी, एक प्लस, एक मायनस, आणि मध्ये एक साधा टायमर. बटण दाबलं की मोटर डिशला गोल फिरवायची आणि ठरावीक वेळाने थांबायची. कुठे थांबायचं हे तिला सांगणारं काही नव्हतंच. खऱ्या डोममध्ये सिग्नल तपासणारा, दिशा मोजणारा सर्किट बोर्ड असतो. डिश वर-खाली करायला निराळी मोटर असते. इथे ती वरखाली होतच नव्हती, एका कोनात पक्की ठोकलेली. काका डोम हातात धरून म्हणाले, "आवाज विकलाय तुम्हाला."

मग मी त्यांना डेमोचं सांगितलं, आणि पत्रा म्हणताच ते खो खो हसले. या लहरी धातूच्या पत्र्यातून आरपार जात नाहीत, कुठलीही नवीन टेक्नॉलॉजी आली तरी. डिश स्वतःच धातूची असते ती याचसाठी, की लहरी तिच्यावर आपटून परत फिराव्यात. "मध्ये चित्र अडकलं होतं का? कसं अडकलं?" त्यांनी विचारलं. मी वर्तुळाचं सांगितलं. उपग्रहाचा सिग्नल कमी पडला की चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो, मग पडदा काळा. गरगरणारं वर्तुळ उपग्रह दाखवत नाही, ते इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचं. म्हणजे टीव्हीच्या मागे कुठेतरी इंटरनेटची कांडी खोचलेली होती आणि शेडमध्ये वाय-फाय. डोमचा त्या चित्राशी काडीचा संबंध नव्हता.

त्या वेळी हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलली काही नाही, तेच जास्त लागलं.

आजीवन फुकट चॅनेलचं प्रकरण त्यानंतर उलगडलं. काकांच्या सुट्या डिशला तो बॉक्स जोडला तर चॅनेल दिसले खरे, आणि पैशांचेसुद्धा दिसले, पण फक्त मोबाइलचं नेट बॉक्सला जोडलं की. पैशांचे चॅनेल कुलूपबंद असतात आणि त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. कुणीतरी कुठेतरी ते कुलूप उघडणारं एक खरं कार्ड घेऊन बसतो आणि त्या किल्ल्या नेटवरून शेकडो लोकांना चोरून वाटतो. चोरीचा माल आहे तो, आणि वापरणाराही त्यात सापडू शकतो. शिवाय रेंज नसेल तिथे बंद, म्हणजे ज्यासाठी सॅटेलाइट घेतला तेच मुळात फसलं. तीन आठवड्यांनी ते चॅनेल कायमचे गेले. एव्हाना मला ते गेल्याचं सुटल्यासारखं वाटलं.

आता आमच्याकडे टीव्ही दिसतो. स्वस्तात दिसतो. काकांनी सांगितलेली ६० सेंटिमीटरची साधी डिश, एक ट्रायपॉड, एलएनबी, दहा मीटर चांगली केबल आणि बॉक्स, सगळं मिळून त्या डोमच्या एका छोट्या हिश्शात आलं. चॅनेल खुले आहेत तेवढेच बघतो. हवे तेव्हा एखाद्या महिन्याचे अधिकृत पैसे भरतो.

मेहनत मात्र आहे. टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे वाटतात. उत्तर गोलार्धात असाल तर साधारण दक्षिणेकडे तोंड करायचं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. मुक्काम बदलला की दिशा आणि उंचीचा कोन दोन्ही बदलतात. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंशांची. दोन अंश इकडेतिकडे झालं की काहीच नाही, किंवा शेजारचा उपग्रह. उपग्रह शोधायला केबलला लावतात त्या छोट्या मीटरचा तर मला सुरुवातीला फारच राग यायचा. तो ओरडतो म्हणजे उपग्रह सापडला, पण आपला की दुसऱ्याचा हे तो सांगत नाही. ते बॉक्समध्येच बघावं लागतं.

पहिल्या आठवड्यात माझ्या दोन ठळक चुका झाल्या. होकायंत्र मी गाडीला टेकून धरायचो, आणि गाडीच्या लोखंडाने सुई भलतीकडे जायची. चांगलं दहा पावलं लांब जाऊन बघावं लागतं. दुसरी चूक डिश आकाशाकडे फार वर करायची. या डिशमध्ये एलएनबी खालच्या बाजूने तिरका बसवलेला असतो, त्यामुळे डिश दिसायला जवळजवळ उभी असली तरी तिची नजर बरीच वर असते. मी तिला परातीसारखी आडवी करून तासतासभर बसायचो. आता वीस मिनिटांत काम होतं, वारा असेल तर ट्रायपॉडला पाण्याचा कॅन लटकवतो.

घ्यायचाच असेल डोम तर एवढं करा. गाडी उघड्यावर आणायला लावा. टीव्हीच्या मागे हात घालून काय काय खोचलंय ते बघा, वाय-फाय बंद करायला सांगा. मग गाडी बाहेर रस्त्यावर काढून एक पूर्ण गोल चक्कर मारायला सांगा. चित्र टिकलं तर टिकलं. "चालत्या गाडीत चालतो" हे शब्द बिलावर लिहून घ्या, आणि दुकानाच्या नावाच्या खात्याशिवाय पैसे टाकू नका. एवढ्यावर विकणारा चिडला तर चिडू द्या.

डोम अजून टपावरच आहे. काढला असता, पण त्याच्याखाली टपाला चार भोकं पाडलेली आहेत आणि झाकण म्हणून तो निदान पाऊस तरी अडवतो. परवा एका मुक्कामावर शेजारचा तरुण त्याच्याकडे कौतुकाने बघत उभा राहिला. मोबाइलमध्ये फोटोही काढला त्याने. म्हणाला, "काका, मी पण हाच घेतोय, स्वस्तात मिळतोय. ॲडव्हान्स दिलाय कालच."

मी काही बोलायच्या आत ही खिडकीतून म्हणाली, "डेमो कुठे दाखवला रे तुला?"

"आत. त्यांच्या शेडमध्ये."

मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलो.