टायर नवे, चिखल जुना : आठ महिन्यांनंतर फिटिंग-बॅलन्सिंगचा हिशेब

माझी स्विफ्ट २०१६ची, व्हीएक्सआय, साध्या लोखंडी रिमची. टायरचा साइज १६५/८० आर १४. सकाळी गोव्यातल्या साखळीहून आमोणा, माशेल, बाणस्तारी करत पणजी आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा, म्हणजे रोजचे साठ-पासष्ट किलोमीटर. मे २०२५मध्ये, पाऊस लागायच्या आत, टायरांचा तिसरा सेट घातला. कुठल्या कंपनीचा टायर चांगला यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. चारांचे १८,००० झाले, टायर चांगले निघाले, विषय संपला. मला लिहायचंय ते बिलाच्या खालच्या अर्ध्या भागाबद्दल. आधीच्या दोन वेळी मी तो वाचलाही नव्हता.

(तसं १८,०००चंही थोडं दुखणं आहेच. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला. मूळ किंमत तीच धरली तर माझे चौदाशे रुपये वाचले असते. पण गुळगुळीत टायरवर अख्खा पावसाळा काढायची छाती नव्हती.)

टायर घेतले पणजीकडच्या एका चकचकीत दुकानात. एसी, कॉफी, काचेपलीकडे मशीन. नाव देत नाही. खालचा अर्धा भाग असा होता : जुने टायर उतरवून नवे चढवायचे चाकामागे १००, बॅलन्सिंगचे चाकामागे १००, नवे व्हॉल्व्ह ६०ला एक, नायट्रोजन चाकामागे ५०, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, ५००. आणि एक ओळ होती, ‘वजन १८५ ग्रॅम, ३ रुपये ग्रॅम’, म्हणजे ५५५. (वजन म्हणजे चाक सगळीकडून सारखं तोललं जावं म्हणून रिमच्या कडेला ठोकतात ते धातूचे तुकडे.) या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २,७०८. मी कार्ड दिलं आणि कॉफी संपवली.

त्या १८५ ग्रॅमपाशीच मला थांबायला हवं होतं. आता कळतं.

पहिला दणका वेगळाच होता. पंधरा दिवसांत खांडोळ्याजवळ मागच्या उजव्या चाकात खिळा गेला. जॅक काढला, पाना लावला, नट हलेना. पान्यावर उभा राहिलो, तरी नाही. दुकानात हवेच्या गनने नट असे आवळले होते की गाडीसोबत येणाऱ्या पान्याने ते सुटणं शक्यच नव्हतं. शेवटी नारळ घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्याने थांबून पान्यात लोखंडी पाइप घातला, तेव्हा चारही नट एकेक करून किंचाळत सुटले. गनने नट नुसते टेकवायचे असतात, शेवटचा आवळा हाताने, समोरासमोरच्या नटांवर आलटून पालटून द्यायचा असतो, आणि दुकानाकडे टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना, असला तर त्याने. आता दुकानातून निघण्याआधी मी स्वतःच्या पान्याने एक नट सोडवून बघतो. पोरं हसतात, हसू देत.

मग जून आला. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी झाल्या आणि जुने गोवे सोडून पणजीच्या मोठ्या रस्त्याला लागलो, तर ऐंशीला स्टीअरिंग थरथरायला लागलं. सत्तरला काही नाही, नव्वदच्या पुढे पुन्हा कमी. मला आधी पंक्चर काढलेल्या चाकाचा संशय आला, पण ते मागचं. मागचं चाक बिघडलं की सीट आणि फरशी थरथरते, हातात येते ती पुढच्या चाकांची खोड. दुकानात फोन केला तर उत्तर, “नवीन टायर आहेत, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात.” हजार कधीच झाले होते. मग म्हणाले, घेऊन या, बॅलन्सिंग फुकट करतो, फक्त वजनांचे पैसे पडतील. पुन्हा ग्रॅमवर.

मी गेलो डिचोलीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये. मालक पन्नाशीचे, सोबत एक पोरगा. त्यांनी चाकाच्या मागे बोट घातलं, बोट लाल झालेलं मला दाखवलं आणि म्हणाले, “पयलीं गाडी धुवन हाड, मागीर पळोवया.” (आधी गाडी धुवून आण, मग बघू.) मी धुवून आणली. त्यांचं समाधान झालं नाही. चाकं उतरवून, जुनी वजनं पकडीने ओढून, स्क्रूड्रायव्हर आणि तारेचा ब्रश घेऊन पोरगा रिमच्या आतल्या पोटाला भिडला. पुढच्या डाव्या चाकातून तळहाताएवढा मातीचा पापुद्रा निघाला, विटेसारखा घट्ट, एका बाजूला रिमचा गोल वाक उमटलेला. मालकांनी तो माझ्या हातात ठेवला. चांगलाच जड होता.

मग त्यांनी सांगितलं ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपल्या भागात, साखळी-डिचोलीपासून उसगावपर्यंत, रिममध्ये लाल माती बसतेच. २०१८मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तरी ती थांबली नव्हती, रस्त्याकडेला तीच माती आहे. मागच्या पावसात आत गेलेला चिखल उन्हाळ्यात वाळून घट्ट होतो. मे महिन्यात तशाच रिमवर नवा टायर चढवून मशीनवर फिरवला, तर मशीन बिचारं प्रामाणिकपणे चिखलासकट चाक तोलतं. समोरच्या बाजूला वजन ठोकलं की स्क्रीनवर शून्य येतं, सगळे खूश. मग पाऊस पडतो, चिखलाचा एक तुकडा भिजून गळून पडतो आणि त्याला तोलायला लावलेलं वजन तसंच राहतं. थरथर तिथून सुरू होते.

साफ रिमवर चारही चाकं मिळून ८० ग्रॅम लागले. म्हणजे पहिल्या बिलातले १०५ ग्रॅम निव्वळ मातीचे, ३१५ रुपये आणि वर जीएसटी. डिचोलीत बॅलन्सिंग चाकामागे ६० आणि वजन २ रुपये ग्रॅम, एकूण ४००. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर आकडे. (टायरचं मूळ बिल मात्र जपून ठेवा, कंपनीच्या वॉरंटीला तेच लागतं.) शून्य आल्यावर त्यांनी चाक मशीनच्या दांड्यावर सैल करून अर्धा फेरा वळवलं, पुन्हा आवळलं आणि पुन्हा फिरवलं. तरीही शून्य. चाक मशीनच्या दांड्यावरच्या शंकूवर नीट मधोमध बसलंय का, हे असंच कळतं. एसीच्या दुकानात काचेपलीकडून मी बघत होतो, तिथे कोणी हे केलं नव्हतं. त्या दिवसापासून स्टीअरिंग शंभरलाही गप्प आहे.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट. थरथर असेल तर बॅलन्सिंग. एकाचं दुखणं दुसऱ्याने जात नाही, पण दुकानात दोन्ही एका श्वासात सांगतात. शिवाय ‘चारही चाकांचं कॉम्प्युटर अलाइनमेंट’ असं मोठ्याने सांगून पैसे वाढवतात. माझ्या गाडीत मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा आहे, तिथे नट फिरवून जुळवण्यासारखं काही नाही. मागच्या चाकांचे फक्त आकडे दिसतात, काम होतं ते पुढच्या टो-चं, म्हणजे पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत त्याचं.

नायट्रोजन बंद केला. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. दर पंधरा दिवसांनी पंपावर थंड टायरात हवा तपासतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलंय.

नंतरचा खर्च. ऑगस्टमध्ये, गणेश चवथीच्या बाजाराला जाताना, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचं डावं चाक धाडकन गेलं. रिमला बेंड आला, तो काढायचे २०० आणि त्या चाकाचं बॅलन्सिंग वजनासकट ८०. लोखंडी रिम असल्याने एवढ्यावर भागलं, अलॉय असती तर वेगळी कहाणी. ऑक्टोबरमध्ये पुढची चाकं मागे-मागची पुढे, चारही पुन्हा बॅलन्स, अलाइनमेंट, मिळून ६७०. पंक्चरचे १५०. म्हणजे आठ महिन्यांत पहिल्या बिलानंतर १,५०० गेले. बारा हजार किलोमीटर झाले, झीज चारही टायरांवर सारखी आहे आणि खाचांतल्या झिजेच्या खुणा, ज्या १.६ मिलिमीटरला उघड्या पडतात, अजून बऱ्याच खोल आहेत.

मेहुण्याने चोर्ला घाट चढून बेळगावहून टायर आणले, टायरमागे तीनशे वाचले म्हणाला. इथे बसवायला गेला तर बाहेरचा टायर म्हणून फिटिंग जास्त लावलं. घाटाचं पेट्रोल त्याने धरलेलंच नाही, मीही काढून दाखवलं नाही.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्यावर १२२५ होतं, मार्च २०२५चा माल. आणि चाक मशीनवर चढण्याआधी रिमच्या आत बोट फिरवा. लाल निघालं तर आधी घासायला सांगा, वेगळे पन्नास मागितले तरी द्या.

गेल्या आठवड्यात डिचोलीच्या मालकांनी डिकी उघडायला सांगितली आणि स्टेपनी उलटी केली. तिच्यावर १११६. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी डिकी लावली. पगार झाला की जाणार आहे.