पोस्टाची सिनियर सिटिझन स्कीम, वर्षभराचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

मी 2024 ला रिटायर झालो, 58 पूर्ण. एमआयडीसीत 27 वर्षं टूलरूमला काढली. ईपीएसची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) पेन्शन बसली महिना 4,100 च्या आसपास. आधी वाटलं कुणीतरी आकडा चुकीचा टाकला असणार, मग हिशोब कळला, सप्टेंबर 2014 च्या आधीच्या सर्व्हिसला पगार 6,500 च धरतात आणि नंतरच्या सर्व्हिसला 15,000, तुमचा खरा त्याहून कितीका जास्त असेना (पूर्ण पगारावर भरून जादा पेन्शन घ्यायच्या भानगडीत मी पडलो नव्हतो), वर महागाई भत्ता वगैरे काही नाही. हातात 29 हजार पडायचे त्याचे हे चार. आठवडाभर बायकोला आकडा सांगितलाच नाही.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी खात्यात आली तशी बँकेतून एक पोरगा घरी आला, गॅरंटीड पेन्शनवाला प्लॅन घेऊन. दरवर्षी दोन लाख भरा, सात वर्षांनी चालू होईल. म्हटलं बाळा, बीपीच्या गोळ्या मला या महिन्यात लागतात. चहा पाजला आणि पाठवला.

मग पोस्ट. स्कीम 60 च्या पुढच्यांसाठी आहे, पण वयोमानाने रिटायर झालेल्याला 55 नंतरही खातं काढता येतं, पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि जेवढे रिटायरमेंटचे मिळाले तेवढेच टाकता येतात. हे मला माहीतच नव्हतं, शिफ्टमधल्या एकाने सांगितलं. त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं, रिटायर कधी, हुद्दा काय, नोकरी किती वर्षं, पैसे किती मिळाले. आमच्या एचआरने या एका पत्राला पाच आठवडे लावले, गेटवर जाऊन उभा राहायचो, ज्या गेटमधून 27 वर्षं आत गेलो तिथंच सिक्युरिटीवाला विचारतो कुणाकडे जायचंय.

12 लाख टाकले, 8.2 टक्के. तिमाहीला 24,600, म्हणजे महिना 8,200. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या एक तारखेचं व्याज, एकदाही चुकलं नाही, यासाठी पूर्ण मार्क. काउंटरला मात्र "काका सर्व्हर डाऊन आहे" हे मी चार वेळा ऐकलंय, पासबुकाच्या प्रिंटरची रिबन तर इतकी फिकट की आकडा उजेडाकडे तिरका धरून वाचायला लागतो. एक स्टार तिथे गेला.

आता खरी गोष्ट. 4,100 आणि 8,200 मिळून 12,300. घर स्वतःचं आहे म्हणून भागतं, तेही कसंबसं, डोळ्याचं ऑपरेशन निघालं तर मुद्दलाला हात लावावा लागेल आणि दोन वर्षांच्या आत मोडलं तर दीड टक्का कापतात, वर्षाच्या आत मोडलं तर व्याजच नाही. शिवाय व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार, तेलाचा डबा तेवढ्यालाच राहणार नाही. पुढे तीन वर्षं वाढवता येतं पण रेट तेव्हा जो असेल तो. म्हणून सध्या एका गोडाऊनला डिस्पॅच बघतो, नऊ हजारावर. माझ्याबरोबरचे चौघं असेच कुठे ना कुठे लागलेत, लोकांना सांगताना म्हणतात घरात करमत नाही.

कुणी याच वर्षी सुटणार असेल तर कंपनीचं पत्र शेवटच्या महिन्यात, आयकार्ड जमा करायच्या आधी मागा. आणि एक तारखेला पोस्टात जाऊ नका, चार-पाचला जा, रांग निम्मी असते.