बारा बाय दहाच्या खोलीतला संपूर्ण डिजिटल संच: जेनेलेक ८३३०ए आणि रास्पबेरी पाय

इंदूरच्या घरात संच पारखायचा तर अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमऱ्याइतकी कडक कसोटी दुसरी नाही. चौदा मात्रांचं ते आवर्तन इतक्या सावकाश पुढे सरकतं, की दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागेत यंत्राचा प्रत्येक दोष उघडा पडतो. जुन्या ध्वनिमुद्रणात टेपची खरखर असणारच, पण ऐकू यावी ती तेवढीच. संचाने त्यात स्वतःची भर घालू नये. या कसोटीवर जेनेलेक ८३३०ए ही आत अँप्लिफायर असलेल्या स्पीकरांची जोडी आणि रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक हा मेळ उत्तम उतरतो. अट एकच: घरातली वीज आणि खोली यांच्याकडे डब्यांइतकंच लक्ष द्यायला हवं.

आधी या मेळाचं कारण. ८३३०ए मध्ये पाच इंची वूफर (खर्जासाठी) आणि पाऊण इंची ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी) आहे, दोघांना ५०-५० वॅटचे स्वतंत्र क्लास-डी अँप्लिफायर आहेत, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे स्वर या दोघांत वाटणं, डीएसपी या आतल्या डिजिटल चिपमध्ये होतो. म्हणजे अ‍ॅनालॉग इनपुटला वायर लावली की आलेला सिग्नल स्पीकर पुन्हा डिजिटल करतो. बाहेरच्या डॅकने डिजिटलचं अ‍ॅनालॉग केलं, स्पीकरने त्याचं परत डिजिटल केलं, आणि शेवटी पुन्हा अ‍ॅनालॉग. या फेऱ्यात महागडा डॅक घालणं म्हणजे पैसे वाया. मागे एईएस/ईबीयूचं (स्टुडिओतली डिजिटल सिग्नलची पद्धत) तीन पिनांचं एक्सएलआर इनपुट आहे, १९२ किलोहर्ट्झ आणि २४ बिटपर्यंत घेतं; फाइल थेट तिथे न्यावी. रूपांतर एकदाच होतं, तेही अँप्लिफायरच्या अगदी तोंडाशी.

पायकडून निघताना एस/पीडीआयएफ (घरगुती यंत्रांची डिजिटल पद्धत) देणारं हॅट, म्हणजे पायवर बसणारं छोटं बोर्ड, लागतं. दोन ऑसिलेटर (घड्याळं) असलेलंच घ्या: ४४.१ किलोहर्ट्झच्या (सीडीचा दर) पटीतल्या फाइलींसाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ, ४८ च्या पटीतल्यांसाठी २४.५७६. पायचं स्वतःचं घड्याळ ४४.१ ला नेमकं जुळत नाही, ते अपूर्णांकाने भागून काम भागवतं, आणि त्यातून जिटर, म्हणजे ठोक्यांची बारीक डगमग, येतो. पाय २ जीबीचा पुरे. पंखेवाली केस घेऊ नका. अख्खी अ‍ॅल्युमिनियमची, हीटसिंकचं काम करणारी केस मिळते, तीच बरी. अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा हवा. फोनचा चार्जर आणि बारीक केबल लावली तर भार येताच व्होल्टेज पडतं, पाय धापा टाकतो आणि गाणं मध्येच अडकतं. दोष मात्र लोक केबलला किंवा फाइलला देतात. प्रणाली मूड किंवा वॉल्युमिओ, दोन्ही फुकट मिळतात. रिसँपलिंग (फाइलचा दर बदलणं) बंद ठेवा. संगीत एसएसडीवर ठेवा. फिरणाऱ्या डिस्कची घरघर शांत खोलीत ऐकू येते. फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता लहान केलेल्या फाइलींत) एका सीडीला साधारण ३०० एमबी धरा.

आता मधला दुवा, जिथे बहुतेक जण अडखळतात. एस/पीडीआयएफ ७५ ओहमवर आणि अर्ध्या व्होल्टवर चालतो, एईएस ११० ओहमवर आणि बऱ्याच जास्त व्होल्टेजवर. एस/पीडीआयएफच्या वायरीचं आरसीए टोक कापून तिथे एक्सएलआर डकवलं तर बऱ्याचदा चालतंही, पण फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडला की ‘टक्’ होऊन आवाज क्षणभर जातो. इथे ७५ ते ११० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर घाला, एका बाजूला बीएनसी (फिरवून बसणारा गोल जोड) आणि दुसऱ्या बाजूला एक्सएलआर. न्यूट्रिकचा अंगठ्याएवढा येतो. तो इम्पीडन्स (ओहमचा हा आकडा) जुळवतो आणि पाय व स्पीकर यांच्यातला विजेचा थेट संबंधही तोडतो. सबंध संचात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त काम करणारा भाग हाच.

केबलींसाठी खास दुकान शोधायची गरज नाही. सीसीटीव्हीवाल्यांकडची आरजी-५९ वायर ७५ ओहमचीच असते. फक्त कोअर अस्सल तांब्याची आहे ना, ते कापून बघा, तांब्याचा मुलामा दिलेली नको, आणि बीएनसी क्रिंप करून घ्या. एक्सएलआरच्या बाजूला लग्नाच्या लायटिंगवाल्यांकडची डीएमएक्स केबल चालते, तिचा इम्पीडन्स ११० च्याच आसपास असतो. इंदूरच्या जेल रोडवर एका फेरीत पाय, मेमरी कार्ड, बीएनसी उरकतं. वायरिंगचं सामान महाराणी रोडवर. हजारो रुपयांच्या ‘ऑडिओफाइल’ डिजिटल केबलने इथे काहीही बदलत नाही.

जोडणी अशी: ट्रान्सफॉर्मरमधून डाव्या स्पीकरच्या एईएस इनपुटला, तिथल्या ‘थ्रू’मधून उजव्याला. ए वाहिनी कोणी घ्यायची आणि बी कोणी, हे जेनेलेकच्या जीएलएम सॉफ्टवेअरमध्ये सांगावं लागतं. दोन्हीकडून एकच बाजू वाजत असेल तर आधी हे तपासा. आणखी एक: स्पीकरच्या मागे आरजे-४५ ची भोकं आहेत, ती इथरनेटची नाहीत. त्यांत राउटरची वायर खुपसू नये.

आवाजाच्या पातळीबद्दल इशारा. मध्ये अँप्लिफायरची कळ नाही, त्यामुळे पायमध्ये व्हॉल्यूम ‘फिक्स्ड’ राहिला तर पहिलंच गाणं शंभर डेसिबलच्या पुढे धडकू शकतं. सॉफ्टवेअर व्हॉल्यूम चालू करून कमाल मर्यादा घाला, आणि पहिल्यांदा वाजवताना अगदी तळापासून वर या. डिजिटल व्हॉल्यूमने बिट जातात ही भीती इथे लागू नाही: सीडीची फाइल १६ बिटची, वाट २४ ची, दर ६ डेसिबलला एक बिट, म्हणजे ४८ डेसिबल खाली येईपर्यंत मूळचं काहीच हरवत नाही.

आता वीज, कारण वाटेतली अ‍ॅनालॉग खरखर काढून टाकल्यावर उरलेला त्रास इथूनच येतो. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची पीन पुष्कळदा कशालाच जोडलेली नसते. मल्टिमीटर लावा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभराच्या आसपास भटकत असेल तर अर्थिंग आहे असं समजूच नका; इलेक्ट्रिशियनकडून खड्डा नव्याने करून घ्या. गुणगुण घालवायला अर्थची पीन मोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. दोन्ही स्पीकर आणि पाय एकाच बोर्डावरून चालवा, २.५ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन एमसीबीपासून ओढता आली तर फारच छान.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर पॉवर सप्लाय स्वतःच कुरकुरतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर एकेक करून बंद करत ऐका. चोर सहसा तिथेच सापडतो. राउटर ते पाय साधी, शील्ड (धातूचं आवरण) नसलेली यूटीपी केबल वापरा. इथरनेटच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतोच, पण शील्ड असलेली केबल शील्डमधून अर्थ पुन्हा जोडते आणि तो फायदा घालवते. माळव्यातल्या पावसाळी विजा बघता राउटरकडून येणाऱ्या वायरीत दोन मीडिया कन्व्हर्टर आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या फायबरचा तुकडा घातला तर बरं.

एवढं केल्यावर काय ऐकू येतं? कान ट्वीटरपासून वीतभर नेला तर बारीक ‘सूं’ येतं, ते स्पीकरमधल्या अँप्लिफायरचं, आणि कोणत्याही व्हॉल्यूमला तेवढंच राहतं. बसायच्या जागी ते पोचत नाही. सीलिंग फॅन त्याहून कैक पटीने मोठा, त्यामुळे खरंच शांत ऐकायचं असेल तर तो आधी बंद करावा लागेल.

खोलीचं गणितही टाळता येत नाही. बारा फूट लांबीला ४७ हर्ट्झ आणि दहा फुटाला ५६ हर्ट्झच्या आसपास खोली घुमते. डग्ग्याची मींड तिथेच फुगते. जीएलएमचा माइक कानाच्या उंचीवर ठेवून मोजणी केली की हे फुगवटे दबतात, सेटिंग स्पीकरमध्ये साठतं, आणि मग कॉम्प्युटर लागत नाही. मोजणीच्या वेळी इंटरनेट हवं. किट वेगळं विकत घ्यावं लागतं, ते हिशोबात धरा. मात्र जिथे आवाज दबतो ते खड्डे त्याने भरत नाहीत: स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर १४३ हर्ट्झच्या सुमारास परतलेली लाट सरळ लाटेला खाऊन टाकते. स्पीकर सरकवणं हाच इलाज. कोटा फरशी आणि उघड्या भिंती असतील तर टाळी वाजवून बघा; झणझण येत असेल तर जाड सतरंजी आणि पुस्तकांनी गच्च कपाट, पहिला खर्च यांवर.

उणिवा दोन. बराच वेळ सिग्नल नसला की स्पीकर झोपी जातो, आणि जागा होताना आलापाची सुरुवात गिळतो. जीएलएममधून ही सोय बंद करता येते, तेवढ्यासाठी थोडी वीज जास्त जाईल. दुसरी, ४५ हर्ट्झच्या खाली फारसं काही मिळत नाही. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत यांना ते पुरतं. पखवाजाचा तळ किंवा पाश्चात्त्य ऑर्गन हवा असेल तर त्याच मालिकेतला आठ इंची ७३५०ए सबवूफर घ्या. डिजिटल वायर आधी त्याच्याकडे जाईल, तिथून स्पीकरांकडे, आणि मोजणी पहिल्यापासून पुन्हा करावी लागेल.

ज्यांच्याकडे आधीच चांगले साधे (आत अँप्लिफायर नसलेले) स्पीकर आहेत त्यांनी ते मोडीत काढू नयेत. त्यांच्यासाठी लिंगडॉर्फचा टीडीएआय-११२० हा अँप्लिफायर आहे, ८ ओहमला ६० वॅट, पीसीएमचं (डिजिटल फाइलमधले आकडे) थेट पीडब्ल्यूएम (अँप्लिफायर चालवणारे ठोके) करणारा, सोबत खोली मोजणाऱ्या रूमपर्फेक्टचा माइक. वीज आणि अर्थिंगचं वर लिहिलेलं सगळं त्यालाही तितकंच लागू आहे.